न पिणाऱ्याचं लिव्हर

"रोज किती घेता?" रिपोर्टमधून मान वर न करता डॉक्टर सरांनी विचारलं.

मेश्रामकाका खुर्चीतून उठलेच. "थेंब नाही, साहेब. दर रविवारी विहारात मीच पोरायले पंचशील शिकवतो, दारू न पिणं त्यातलंच."

"मग लिव्हर काहून खराब झालं?" हे विचारलं त्यांच्या बायकोने, रत्नमालाताईंनी. डोळे भरलेले. "तिकडे मौद्याले ड्युटीवर दारू घेऊन राहिले असाल. खरं सांगा मले."

सरांनी फाइल माझ्याकडे सरकवली. हुडकेश्वरच्या या क्लिनिकमध्ये मी डाएटिशियन आहे. मला सरांचाच राग आला होता. एका प्रश्नापायी या माणसाची घरातली आणि विहारातली, दोन्हीकडची इज्जत जाणार होती. कारण शोधल्याशिवाय काकांना सोडायचं नाही, असं ठरवलं.

वाढलं होतं एसजीपीटी. हे लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं. इजा झाली एवढंच ते सांगतं, कशाने झाली ते सांगत नाही. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसत होती. अशी चरबी साचली की लिव्हर इन्शुलिनला जुमानत नाही. मग शरीर आणखी इन्शुलिन सोडतं, आणि त्याने चरबी आणखी वाढते.

तेल, भात, चहा, सगळं खोदून विचारलं. जेवण साधंच निघालं.

"ड्युटी सुटल्यावर थेट घरी?"

"नाही मॅडम, आधी सगळे ढाब्यावर बसतो. त्यायची दारू, माही कोल्ड्रिंक. मी घेत नाही म्हणून माह्यासाठी मोठी बाटली मागवतात. मान ठेवतात."

"रोज?"

"रोजच."

चोर सापडला. त्या बाटलीतली जवळपास अर्धी साखर लिव्हरलाच निस्तरावी लागते, आणि जास्त झाली की तिथेच तिची चरबी होते.

"म्हणजे दारू नाही?" रत्नमालाताईंनी पुन्हा विचारलं.

"नाही. पण दुखणं खरं आहे. बाटली बंद. प्यायचंच असेल तर बिनसाखरेचं ताक. आणि रोज चालायचं."

"दोस्त काय म्हनतीन?" काका पुटपुटले.

"मी येऊ का ढाब्यावर, सांगाले?" ताई म्हणाल्या. "नको, मीच सांगतो," काका घाईघाईने म्हणाले.

तीन महिन्यांनी एसजीपीटी नॉर्मल आलं. वजनही उतरलं होतं. नवा रिपोर्ट घेऊन काका सरांच्या टेबलापुढे उभे राहिले. या वेळी सरांनी मान वर केली.

"बसा, मेश्रामजी. चुकलं माझं."

आता कुणी 'दारू घेत नाही' म्हणालं, की सर तिथेच थांबत नाहीत. त्याऐवजी काय घेता, तेही विचारतात.