तालुका वैराग

वैराग हा तालुका आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या सोलापूर जिल्ह्यात एकच, आणि तो माझा थोरला मामा. सरकारदरबारी वैराग हे बार्शी तालुक्यातलं बाजाराचं गाव. मामाच्या मते ही सरकारची जुनी चूक असून ती दुरुस्त व्हायला जरा वेळ लागतोय, इतकंच. तोवर त्याने आपल्यापुरती दुरुस्ती करून टाकली. पोराच्या लग्नपत्रिकेत त्याने ठसठशीत 'ता. वैराग' छापलं, तेव्हा माढ्याचे व्याही चरकले. मामा त्यांना म्हणाला, "शिमा काय देवानं आखल्यात व्हय? मंगळवेढं सांगलीकरांच्या संस्थानात हुतं, अक्कलकोटाला सोताचा राजा हुता, आन् हितं शिवेपल्याड निजाम. समदं बदललं की! मग आमचंच घोडं कुटं पेंड खातंय?"

बार्शीला काम निघालं की अख्खं गाव 'तालुक्याला चाललोय' म्हणायचं. मामाने हा शब्द बार्शीसाठी जन्मात वापरला नाही. "बार्शीला चाललोय म्हना. तालुक्यात तर आपुन ऱ्हातोच," असं तो एस.टी.च्या कंडक्टरलासुद्धा ऐकवायचा. मामी पदर तोंडाला लावून हसायची. "ह्यांच्या तालुक्याला कचेरी न्हाय, तहशिलदार न्हाय, निस्तं ह्येच!" कचेरीसाठी म्हणून मामाने चिंचेखालचा आपला तुकडा मोकळा ठेवला होता. तिथं तो मामीला मेथीसुद्धा लावू द्यायचा नाही. दर निवडणुकीला कुणीतरी तालुक्याचं आश्वासन द्यायचं आणि मामा तो तुकडा झाडून घ्यायचा.

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी मामी अंगणात कोसळली. गावातल्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. "कुटं घ्यायची?" जीपवाल्याने विचारलं. मामीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला मामा म्हणाला, "तालुक्याला. बिगीनं." गाडी थेट बार्शीला गेली.

मामी वाचली. परवा मी गेलो तेव्हा चिंचेखाली मेथी तरारली होती, मामाने स्वतः पेरलेली. मामीला तपासायला न्यायचं म्हणून तो पायांत वहाणा सरकवत होता.

"कुठं निघालात, मामा?"

"तालुक्याला."

ऐकून मला फार वाईट वाटलं. सरकारला इतकी वर्षं जे जमलं नाही, ते त्या एका दुपारने केलं होतं. मामा बार्शी तालुक्यात आला होता.

मामी मात्र उंबऱ्यातच थांबली. "बार्शीला म्हना की," ती त्याला म्हणाली. "तालुक्यात तर आपुन ऱ्हातोच."