दिव्यांपुढची छत्री
डांबरगोळ्यांचा वास आला की पार्ल्यातली ती रात्र आठवते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून समोरून गाडीच्या अप्परचा झगझगीत झोत डोळ्यांवर आला की आई जागीच थिजायची. पुढे तिनं अंधार पडल्यावर बाहेर पडणंच सोडलं. एकदा मी हट्टानं नेलं, तर कपाटातली, डांबरगोळ्यांचा वास मारणारी जुनी छत्री घेऊन निघाली आणि येणाऱ्या प्रत्येक दिव्यापुढे ती उघडून धरू लागली. काळ्या कापडाच्या बारीक भोकांतून उजेड झिरपायचा आणि तिच्या गालांवरून चांदण्या सरकत जायच्या. झगझगीत दिवा लावलेला एक सायकलवाला थांबला. “मावशी, पाऊस कुठाय?” “तुझ्या दिव्याचाच पडतोय ना रे!” हसत त्यानं दिवा खाली वळवला. त्या रात्री आई पार स्टेशनपर्यंत चालली. आता छत्री माझ्याकडे आहे. परवा दुरुस्तीवाल्यानं विचारलं, “भोकं बुजवू?” म्हटलं, “नको, दांडी तेवढी बसवा.”