पंचमीचं बोलावणं

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं न्हाई. नवऱ्यापुढं न्हाई, सख्ख्या बहिणीपुढं न्हाई, देवापुढं दिवा लावतानासुद्धा न्हाई. देवापुढं तर मी दुसरंच मागत बसायची — गॅस आणखी थोडे दिवस पुरू दे, असलं काहीबाही. तुमी ओळखीचे न्हाईत, म्हणून तुमाला सांगायला जमतंय का? असंल तसंबी.

घाटनांदुरात आमच्या गल्लीत कुणालाही इचारा. म्हणतील, सुनंदा लई नेटकी बाई. नवरा दुसऱ्याच्या बी-बियाण्याच्या दुकानात कामाला, पगार एवढुसा, अन् त्यात पोरीला लातूरला ठेवून शिकवती. खरंच हाय ते. खोटं काही न्हाई त्यात. हातउसने मागायला मी कुणाच्या दारात गेले न्हाई.

आमच्या घरात कुठलीबी वस्तू आणायची म्हणलं की मी एकच इचारायची — गरज हाय का हौस? गरज असंल तर आणू, हौस असंल तर विसरा. साबणाचे तुकडे दाबून एक वडी करायची. टीव्हीचा रिचार्ज बंद. दुपारचा चहा बंद. आमचे हे बिचारे दुकानातून येताना मुठीत शेंगदाणे आणायचे, तर त्यावरबी मी बोलायची.

सुरुवातीला पोरीसाठीच केलं. पण मग — कसं सांगू — मला गोडी लागली. न्हाई म्हणायची गोडी. समोरच्यानं काहीतरी मागायचं, मी मान हलवायची, अन् त्याचा चेहरा उतरायचा. त्या उतरलेल्या चेहऱ्याकडं बघून मला बरं वाटायचं. पैसा तर वाचायचाच. पण नुसतं पैशासाठी होतं का ते? न्हाई वो. न्हाईच.

अन् घरात सगळ्यात सोपं माणूस कोण? म्हातारं माणूस. आमच्या आत्याबाई. सासूला आमच्याकडं आत्याबाईच म्हणतात. सासरे लवकर गेले, दोन लेकरं एकटीनं वाढवली — एक आमचे हे, अन् दुसरी माझी नणंद, शोभाताई. शोभाताईंना दिलेलं पाटोद्याकडं. म्हणजे जिल्ह्याचं हे टोक अन् ते टोक. यष्टी बदलत बदलत जावं लागतं.

आत्याबाईंनी मला छळलं का? लोक हेच इचारतील. न्हाई. जरासुद्धा न्हाई. बाळंतपणात माझ्या पोटाला त्यांनी हातानं शेक दिलाय. तेव्हा सासूनं छळलं म्हणून केलं, असं म्हणायचा रस्ता बंद हाय मला.

दुपारचा चहा बंद केला तेव्हाची गोष्ट. एकदा भूल पडली अन् मी त्यांना इचारून बसले, चहा ठेवू का? त्या खुशीनं म्हणल्या, ठेव की. मी पातेलं असं आदळलं, असा कोरा, पाण्यासारखा चहा करून पुढं सरकवला, की बाईनं तो घाईघाईनं पिला अन् कप स्वतः विसळून ठेवला. त्यानंतर मी कधीबी, काहीबी इचारलं की उत्तर ठरलेलं — "नको नको, उगं खर्च कशाला." हे मी त्यांना शिकवलं. लेकराला नमस्कार शिकवावा तसं शिकवलं.

त्यांचे कान गेलते. कानापाशी तोंड नेऊन ओरडलं तरी अर्धंच कळायचं. मग तालुक्याला शिबिर लागलं, तिथं त्यांना कानाचं यंत्र फुकट मिळालं. यंत्र फुकट, पण त्याला बटनाएवढा सेल लागायचा, अन् तो दर आठवड्या-दहा दिवसाला संपायचा. यंत्र लावल्यावर म्हातारी कशी झालती सांगू? कावळा ओरडला तरी हसायची. "सुनंदे, कावळा बग." फोनवर शोभाताईंशी बोलायची, बोलतच बसायची.

सेल संपले. मी म्हणलं, आणू की. आणले न्हाईत. गरज का हौस? मी ठरवलं — हौस. काय ऐकायचंय आता त्यांना? मग इचारायला लागल्या, तेव्हा मी हातानं खुणा करून सांगितलं, यंत्र बिघडलं. ह्यांनाबी तेच सांगितलं — दुरुस्तीला लई लागतात, पुण्याला पाठवावं लागतं. ह्यांनी मान डोलावली. हे गरीब स्वभावाचे, बायकोनं हिशोब सांगितला की गप्प. अन् यंत्र बिघडलं नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं, कारण डब्यात एक सेल उरलेला होता. तो घालून मी एकदा बघितलं. यंत्र कुईंऽ करून वाजलं. मी सेल काढून परत डब्यात टाकला.

इथवर नुसती चिक्कू बाई हाय मी. अशा बाया गावात ढीगभर हायत. पुढचं सांगायचंय.

आमच्याकडं पंचमी, म्हणजे नागपंचमी, दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात. भाऊ मुराळी होऊन जातो, बहिणीला घेऊन येतो. मग मेंदी, झोके, पुरणाचे दिंड, बांगड्या, अन् जाताना साडी. नुसत्या शोभाताई आल्या तर एक वेळ चाललं असतं, पण त्यांच्याबरोबर लेकरंबी. त्या साली लातूरच्या खोलीचं भाडं वाढलं होतं. मी आधीच ठरवलं — औंदा शोभाताई नकोत. ह्यांना म्हणलं, "ताईंना सवड न्हाई, खुरपणी चालू हाय म्हणल्या." ताईंना फोनवर म्हणलं, "आत्याबाईच म्हणत्यात, औंदा नको." स्वतःच्या नावावर घेतलं असतं तर? भावजयीनं न्हाई म्हणलं असतं तर ताई चार शिव्या देऊन आल्या असत्या. आईनं न्हाई म्हणल्यावर कुठं जाईल माणूस?

ताईंना पटलं न्हाई. म्हणल्या, "आई असं म्हणायची न्हाई वैनी. कावून म्हणंल? आईच्या तोंडून ऐकल्याबिगर मी गप्प बसायची न्हाई." यंत्र बंद हाय हे त्यांना मी सांगितलंच नव्हतं. आई झोपली, आई देवळात गेली, असं करून मी वेळ मारून न्यायची.

त्या दुपारी परत फोन आला. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून वाती वळत बसलत्या. मी फोन उचलला, आवाज मोठा करून त्यांच्या पाठीमागच्या फळीवर ठेवला. म्हणलं, "बोला ताई, आत्याबाई इथंच हायत." अन् मी पुढं जाऊन आत्याबाईंच्या समोर उभी राहिले. हातात रिकामी कपबशी घेतली.

फोनमधनं आवाज आला. "आई? आई, पंचमीला येऊ का गं?"

मी कपबशी वर धरली. हसले. चहा पिता का, अशी मान हलवली.

म्हातारीचा चेहरा फुलला. किती दिवसांनी मी इचारलं होतं! तरीबी हात हलवत, मला खुश करायला म्हणून, ठणठणीत आवाजात म्हणल्या, "नको नको. उगं खर्च कशाला बाई. हाय ते बरं हाय."

 फळीवर टुक करून फोन बंद झाला.

मला त्या वेळी काय वाटलं? वाईट वाटलं म्हणून सांगितलं असतं तर तुमाला बरं वाटलं असतं. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. असं सुचतं कुणाला? अन् वर आत्याबाई माझ्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडत होत्या — सुनेनं चहाचं इचारलं म्हणून. चहा मी केला न्हाई. नको म्हणल्या होत्या ना.

पंचमीला माझी पोरगी लातूरहून आली. ती आली, तिच्यासाठी दिंड केले, तिला ड्रेस घेतला. ती गरज होती. आत्याबाई सकाळीच धुतलेलं लुगडं नेसून दारात बसल्या. लिंबाला झोका बांधलेला, गल्लीतल्या लेकी पाळीपाळीनं बसत होत्या. स्टँडकडनं कुणीबी आलं की म्हातारी उठायची, डोळ्यांवर हात धरायची, परत बसायची. मला इचारलं, "शोभी?" मी हातानं न्हाई केलं. त्या म्हणल्या, "खुरपणी आसंल. लेकराला ताप आसंल." दिवसभर एकेक कारण काढत होत्या लेकीसाठी. दिवस मावळताना कारणं संपली. मग माझ्याकडं बघून म्हणल्या, "मी काय केलं गं तिला?"

त्यांना ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. सांगू शकत होते ना मी? डब्यात सेल होता. यंत्र खुंटीला होतं. ह्यांना म्हणलं असतं, तर हे पहाटेच्या गाडीनं बहिणीला आणायला गेले असते. मी म्हणलं, जेवून घ्या. तेबी खुणेनं.

दिवाळीच्या आधी आत्याबाई गेल्या. आजारी न्हाई, काही न्हाई, सकाळी उठल्याच न्हाईत. लेकीला बघितलं न्हाई त्यांनी परत. शोभाताई आल्या तेव्हा आई अंगणात निजवलेली होती. ताई रडल्या न्हाईत. नुसत्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या, रागानं बघावं तसं. बाया कुजबुजल्या, काय लेक हाय ही, डोळ्यात टिपूस न्हाई. मी ऐकलं. त्यावरबी गप्प बसले.

दहाव्याला सगळ्या बायांत बसून ताईंनी माझा हात धरला. म्हणल्या, "आईनंच नको म्हणलं मला. वैनीनं न्हाई म्हणलं. वैनीनं तर फोन आईपाशी नेऊन दिला बिचारीनं." बाया माझ्याकडं बघायला लागल्या — कवतिकानं. कुणीतरी म्हणलं, अशी भावजय मिळायला नशीब लागतं. मी मान खाली घातली, पदर डोळ्याला लावला. डोळे कोरडे होते. हात मात्र मी सोडवून घेतला न्हाई. धरू दिला.

शोभाताई त्यानंतर पंचमीला आल्या न्हाईत. आईच नको म्हणली त्या घरात काय ठेवलंय, म्हणतात. लेकरांनाबी तेच सांगतात — तुमची आजी लई कडक होती, पैशापुढं तिला लेक दिसली न्हाई. हे मी माझ्या कानानं ऐकलंय. अन् मी हूं म्हणलंय.

आता पोरगी नोकरीला लागलीय. घरात दोन वेळा चहा होतो. औंदा पंचमीच्या आधी हे जेवता जेवता म्हणले, "शोभीला आणायला जाऊ का? लई वर्षं झाली." मी म्हणलं, थांबा, आधी फोन करून बघते.

मी फोन केला न्हाई. दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं, ताई नको म्हणल्या.