भिंतीची मालकीण

हौसाआक्का आमच्या खोलीत कधी आल्या नाहीत. त्यांच्याकडे भाड्याने राहिलो ती सगळी वर्षं त्या दाराबाहेर उभ्या राहूनच बोलायच्या. एका पावसाळ्यात आमचा पत्रा गळायला लागला, तेव्हासुद्धा बाहेरूनच विचारलं, “मंगल, बघाया येऊ का आत?”

मला हसू आलं. “आक्का, घर तुमचंच की.”

“न्हाई बाई. भाडं घेतलं की खोली तुजी. मी निस्ती भिंतीची मालकीण.”

पिरंगुटला कंपन्यांच्या रस्त्यालगत त्यांची जमीन होती. नवरा गेल्यावर त्यांनी घरामागे खोल्यांची एक ओळ बांधली. भाडेकरू सगळे माझ्या नवऱ्यासारखे कारखान्यातले. आक्का उंच, हाडापेरानं मोठ्या आणि तोंडानं फटकळ. “मोरीत भात वतू नगंस, गटार तुंबल्यावर तुजा बाप येनार हाय का?” असं सकाळी ओरडायच्या आणि दुपारी त्याच बाईला अंगणातला शेवगा तोडून द्यायच्या.

शेजारच्या सुनीताचा नवरा पौड रस्त्यावर अपघातात गेला. तेरावा झाल्यावर आक्कांचा मुलगा, विलास, तिला म्हणाला, “खोली त्यांच्या नावावर होती. आता खाली करा.” सुनीता बिचारी भांडी पोत्यात भरायला लागली. आक्का तिच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. “मानूस गेला तुजा, चूल न्हाई गेली. मांड ती भांडी परत.”

विलास तेव्हा गप्प बसला. पण घर, जमीन, खोल्या, सगळं आक्कांनी त्याच्या लग्नानंतर बक्षीसपत्र करून त्यालाच देऊन टाकलं होतं. पुढे एक बिल्डर आला आणि विलासनं सगळ्यांनाच निघायला सांगितलं. एवढ्या घाईत दुसरी खोली मिळणार कुठे? आम्ही हललो नाही, तेव्हा त्यानं खोल्यांच्या पाण्याची मोटार बंद केली. आक्का मागच्या दारातून आमच्या हंड्यांत पाणी ओतायच्या. त्यानं त्या दारालाही कुलूप घातलं.

काही जण तान्ही मुलं घेऊन निघून गेले. उरलेले आम्ही पौडला वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, “खोली हवी असेल तर मालकानं कोर्टात मागावी. पाणी तोडून भाडेकरू काढता येत नाही. पण मोटार जळली असं तो सांगणार. त्यानंच बंद केली हे कोण सांगेल?”

आम्ही दावा लावला, पण साक्ष द्याल का असं आक्कांना विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांनीच मला गाठलं. “तारीख कदी हाय?”

त्या आमच्याबरोबर बसनं आल्या. कोर्टात उभ्या राहून म्हणाल्या, “मोटार जळली न्हाई. माज्या पोरानं बंद क्येली. मी बगितलं.” विलास खाली मान घालून बसला होता. आक्का मात्र त्याच्याकडेच बघत होत्या, अगदी साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरेपर्यंत.

कोर्टाच्या हुकमानं पाणी आलं. त्याच संध्याकाळी विलासचा आवाज अंगणात आला, “भाडेकरूच तुजी पोरं ना? मग माज्या घरात नगं ऱ्हाऊ.” आक्का पिशवी घेऊन बाहेर पडल्या. आमच्याकडे चला म्हटलं, तर ऐकलं नाही. जवळच्याच चांदे गावी लेकीकडे गेल्या.

आम्हीही पुढे तिथून निघालो. त्या अंगणात राहायला मन घेईना.

चांद्याला भेटायला गेले, तेव्हा आक्का पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. जावई आत आला की उठून उभ्या राहायच्या. तो चांगला होता, बसा म्हणायचा, तरी उठायच्या. मी म्हणाले, “आक्का, म्हाताऱ्या आईला असं घराबाहेर काढता येत नाही. प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी येते बरोबर.”

“ठावं हाय. वकील बी बोलला.” त्या पदराचं टोक चोळायला लागल्या. “तुमच्यासाटी पोराच्या इरोधात हुबी ऱ्हायले. माज्यासाटी न्हाई ऱ्हानार, मंगल. तेवडं मला नगं सांगू.”

त्या हिवाळ्यात त्या लेकीच्या घरीच वारल्या. अग्नी विलासनं दिला. सुनीता आणि मी बायकांच्या मागे उभ्या होतो. विलासनं आम्हाला पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याचे डोळे सुजले होते.

परतताना बसमध्ये सुनीता खिडकीशी बसली होती. पिरंगुटचा चौक आला तशी म्हणाली, “ताई, आपलं पाणी आलं, पण त्यांचं घर गेलं.”

आमचा थांबा आला आणि आम्ही उतरलो.