पाटीवरचा तडा

अ‍ॅक्रिलिक जोडायला क्लोरोफॉर्मची बाटली उघडली, की त्या गोडसर वासाबरोबर सदर भागातल्या आमच्या दुकानाची पहिली दुपार आठवते.

दुकानाच्या अ‍ॅक्रिलिकच्या पाटीवर आम्हा नवराबायकोची नावं होती. दीरांनी स्क्रू करकचून आवळले. उन्हानं पाटी फुगली, तिला हलायला जागाच नव्हती. कोपऱ्यातून निघालेला तडा ‘शोभा’कडे, म्हणजे माझ्याच नावाकडे सरकू लागला.

“वहिनी, तेवढा भाग कापून टाकू. दादाचं नाव पुरे हाय.”

“काहून कापाचं? मले ड्रिल द्या, भाऊजी.”

तड्याच्या टोकाशी मी बारीक भोक पाडलं; गोल भोकापाशी तडा अडतो. फटीत क्लोरोफॉर्म सोडलं, स्क्रूची भोकं मोठी केली.

तेव्हा वाटलं, मी फक्त पाटी वाचवतेय. तडा आजही ‘शोभा’च्या अलीकडेच थांबलेला आहे.