साली कुठं जातात

दुपारचे अडीच वाजलेत. वीज गेलीय, म्हणून तारा सोलायची मशिनं गप्प आहेत आणि कारखान्यातल्या अकराही बायका बाहेर लिंबाखाली डबे खात बसल्यात. मालकीण प्रमिला खरात आत लाकडी बाकावर आडवी झालीय. पोटात अन्नाचा कण नाही, राग मात्र गच्च भरलाय.

सकाळी हॉटेलात तिचा सत्कार झाला. कोटातल्या माणसानं माइक पुढे करून विचारलं, "पर्यावरणाच्या उद्योगाकडे वळायची प्रेरणा कुठून मिळाली?" आणि जालन्याच्या भंगार बाजारात वाढलेली ही बाई म्हणाली, "निसर्गावरचं प्रेम." टाळ्या पडल्या. तेव्हापासून तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

बाहेरचं बोलणं लांब लांब जातं. डोळे मिटलेत की उघडेच आहेत, तिला कळत नाही. शेजारी कुणीतरी दातानं तार सोलतंय.

सगुणाआत्या. तिला जाऊन चौदा वर्षं झालीत.

"दात पडतील, आत्या."

"पडून काय व्हायचं आता?" आत्या प्लास्टिक थुंकते. "निसर्गावर प्रेम म्हणं! कवा झालं गं तुला?"

"तसं बोलायला सांगितलं होतं त्यांनी."

"आन् तू बोललीस."

बाक आता दवाखान्यातला आहे. आत्या खोकतेय आणि टेबलामागचा डॉक्टर मान वर न करता विचारतोय, "बिडी ओढता का, बाई?" आत्यानं जन्मात बिडीला हात लावला नव्हता. नाल्याकाठी बसून तिनं वीस वर्षं तारा जाळल्या. वरचं प्लास्टिक जळायचं, आतलं तांबं उरायचं. तांबं व्यापारी न्यायचा. धूर आत्याकडं राहायचा.

"तवा तू त्या डॉक्टरच्या टेबलावरचा गिलास भिताडावर फेकलास," आत्या म्हणते. "तिथं सुरू झाला तुझा कारखाना. ते का नाही सांगितलंस?"

"राग आला म्हणून धंदा काढला, असं कोण सांगतं?"

"ज्याला खरंच आला, तो."

"तुझाही येतो मला!" प्रमिला ओरडते. डॉक्टर तरीही मान वर करत नाही. "दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायचीस, एवढा ढीग जाळू दे. थंडीत मला त्याच जाळापाशी शेकायला बसवायचीस."

आत्या ऐकून घेते. मग उठते. "बसवलं. चुकलं माझं. आता तू चल."

दवाखान्याचं दार उघडतं ते थेट वीटभट्टीवर. काळा धूर जमिनीसरशी लोळतोय. तोंडाला पदर बांधलेली एक बाई भट्टीच्या तोंडात गोणी रिकामी करतेय. तारांवरून सोललेल्या लाल, निळ्या, पिवळ्या साली. गोणीवर लिहिलंय, खरात.

"तांबं चांगलं निघालं तुझं, धूर न काढता," आत्या म्हणते. "साली कुठं जातात?"

"ठेकेदार म्हणाला, पाईप बनवायला नेतो."

"आन् तुला खरं वाटलं?"

प्रमिला गोणीवरचं नाव बघते. परत आलेल्या रिकाम्या गोण्यांतून विटांचा चुरा गळायचा. दोन वर्षं ती तो मुकाट्यानं झाडून काढत आलीय.

भट्टीपाशी ती बाई खोकायला लागते. आत्या प्रमिलाचं मनगट पकडून तिला जाळाजवळ ओढते.

"सोड, भाजतंय!"

"भाजू दे. ही कुणाची आत्या हाय, इचारलंस कधी?"

मशिनं एकदम घरघरतात. वीज आलीय. प्रमिला बाकावर उठून बसते, श्वास लागलेला. उजव्या मनगटावर चार बोटं उमटलीत, काळी. घासली तर काजळी पसरते. या कारखान्यात नऊ वर्षांत कुणी काडीसुद्धा पेटवलेली नाही.

बाहेर ठेकेदाराचा टेम्पो भरून उभा आहे. ती अनवाणीच धावत जाते.

"माल उतरव."

"अहो ताई, आत्ताच भरलाय..." ड्रायव्हर गोंधळतो.

"उतरव म्हणते ना! एक साल बाहेर जाणार नाही. आणि मग तू मला भट्टीवर घेऊन जायचंस."

"कुठल्या भट्टीवर?"

"तुला माहितेय कुठल्या."

तो मान खाली घालतो. बायका न विचारता गोण्या उतरवायला लागतात. प्रमिला पुढच्या सीटवर चढून बसते. दार ओढून घेताना टेम्पोच्या पांढऱ्या पत्र्यावर तिच्या मनगटाची काजळी लागते.