चाकूरची गाडी

"गयाबाई हाजिर हो!" शिपायानं कोर्टाच्या दारातून तिसरा पुकारा केला. कोणी आलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

जज म्हणून माझी नेमणूक होऊन वर्ष होत आलं होतं. लातूर जिल्ह्यातलं एक तालुका कोर्ट, पहिलीच पोस्टिंग. अजून प्रोबेशनवर होतो. कायम करताना महिन्याला किती केसेस निकाली काढल्या ते बघतात. त्याला डिस्पोजल म्हणतात. मला त्याचं वेडच लागलं होतं.

बेंच क्लार्क शेषराव माझ्या वडिलांच्या वयाचे. ते हळूच म्हणाले, "साहेब, चाकूरची गाडी अजून आली न्हाई. जुने साहेब खेड्यातल्या केसेस जेवणानंतर पुकारायचे."

"हिचे वकील कुठं आहेत?"

"बाजूच्या कोर्टात साक्ष चालू हाय त्यांची. बोलावू का?"

"शेषराव, कोर्ट एसटीच्या टाइमावर चालत नसतं," म्हणालो आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला.

मी स्वतः उमरीचा. नांदेडला कॉलेजात असताना एसटीपायी किती तास बुडाले, त्याला हिशेब नाही. खुर्ची मिळाली आणि सगळं विसरलो.

विधवा गयाबाईचा दावा राहत्या खोलीसाठी होता. दीर खोली पाडायला निघाला होता, म्हणून कोर्टानं त्याला मनाई केली होती. पण दावा गेला की मनाईहुकूमही जातो. कायद्याचं हे कलम मला तोंडपाठ होतं. तरी मी पुढची फाइल मागितली.

ती पावणेबाराला धापा टाकत आली. दुपारी तिच्या वकिलांनी अर्ज दिला, काढून टाकलेला दावा पुन्हा चालू करा आणि तोवर मनाई चालू ठेवा. मी दिराला नोटीस काढली, आठ दिवसांची तारीख दिली. मनाईचं नोटिशीनंतर बघू म्हणालो.

आठव्या दिवशी मी दावा पुन्हा चालू केला. खोली तिसऱ्याच दिवशी पडली होती.

"सध्या कुठं राहता?" मी गयाबाईला विचारलं.

"मारुतीच्या देवळात, साहेब." माझा चेहरा बघून तीच मला समजावू लागली, "तुमचं न्हाई चुकलं. गाडीच लई उशिरा आली."

शेषराव फाइलमधून मान वर काढेनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'बाई, माझंच चुकलं' एवढं तरी म्हणायला हवं होतं. तेही डायसवरून म्हणवलं नाही.

त्या महिन्याच्या तक्त्यात तिचा दावा निकाली म्हणून लागला. यथावकाश मी कायम झालो. शेरा होता, काम जलद.

रिटायर होईपर्यंत प्रत्येक बदलीच्या गावी चार्ज घेतला की आधी स्टँडवर जायचो, गाड्यांच्या वेळा लिहून आणायचो. खेड्यातल्या केसेस दुपारीच पुकारायचो. निरोपसमारंभात वकील मंडळी त्याचं फार कौतुक करायची. हे मी कुणाचं घर पाडून शिकलो, ते मात्र कधी सांगितलं नाही.